स्क्विड चालू आहे, पण साठवत काहीच नाही: शोध कुठून सुरू करायचा

प्रश्न थोडक्यात असा: स्क्विड (यंत्रं आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून आलेल्या फाइलींची प्रत कॅशेत ठेवणारा प्रॉक्सी सर्व्हर) बसवला आहे, ३१२८ पोर्टवर चालतो, सगळी यंत्रं त्यातूनच नेटवर जातात आणि पानंही नीट उघडतात. पण ॲक्सेस लॉगमध्ये हिट (साठवलेल्या प्रतीतून दिलेलं उत्तर; तसं नसेल तर मिस) औषधालाही सापडत नाही. कॅशेसाठी १०० जीबी जागा राखून ठेवली आहे, आणि ते फोल्डर कित्येक दिवस १७ एमबीवर अडून बसलं आहे. रिफ्रेश_पॅटर्नच्या (साठवलेली वस्तू किती वेळ ताजी मानायची ते ठरवणाऱ्या) निरनिराळ्या ओळी टाकून झाल्या, फरक शून्य.

आधी त्या टाकलेल्या ओळी काढा आणि मूळच्या रिफ्रेश_पॅटर्न ओळी परत ठेवा. ‘साठवत नाही’ ही तक्रार एकच वाटली तरी तिच्यामागे चार वेगवेगळी दुखणी असू शकतात. मजकूर स्क्विडला दिसतच नसेल. दिसत असेल, पण नियमांनुसार तो साठवायचा नाही असं ठरत असेल. साठवायचं ठरूनही डिस्कवर लिहिता येत नसेल. किंवा साठवलेला असूनही द्यायच्या वेळी तो शिळा ठरत असेल. रिफ्रेश_पॅटर्नचा संबंध यातल्या चौथ्याशी बराच आणि दुसऱ्याशी थोडा आहे. पहिल्या आणि तिसऱ्याशी काडीचाही नाही. त्यामुळे दुखणं कुठलं ते ठरल्याशिवाय कॉन्फिग फाइलला हात लावण्यात अर्थ नाही. (खाली सूचनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची.)

त्या १७ एमबीबद्दल आधी सांगतो, कारण तो आकडाच बरंच बोलतो. कॅशे_डिर या सूचनेची (कॅशेचं फोल्डर आणि आकार ठरवणारी) नेहमीची ओळ ‘यूएफएस /व्हार/स्पूल/स्क्विड १०० १६ २५६’ अशी असते. शेवटचे दोन आकडे म्हणजे पहिल्या पातळीवर १६ फोल्डरं आणि त्या प्रत्येकात २५६, एकूण ४०९६. साध्या फाइल सिस्टिमवर प्रत्येक रिकामं फोल्डरही ४ केबी जागा धरतं. म्हणजे १६ एमबी तिथेच गेले, वर थोडी स्वॅप.स्टेट फाइल (साठवलेल्या वस्तूंची नोंदवही). तुमचं कॅशे हळूहळू भरतंय असं नाही, ते पूर्ण रिकामं आहे. पण फोल्डरं तयार झाली आहेत, म्हणजे स्क्विड -झेड ही आज्ञा कधीतरी नीट चालली होती.

आता पहिलं दुखणं. ॲक्सेस लॉगच्या चौथ्या रकान्यात निकालाचा कोड असतो. तो रकाना ऑक या आज्ञेने वेगळा काढा, सॉर्ट करा आणि युनिकला -सी पर्याय देऊन मोजा. बहुतेक ओळी टीसीपी_टनेल/२०० अशा निघाल्या तर स्क्विड बिघडलेला नाही. एचटीटीपीएसच्या वाहतुकीत ब्राउझर प्रॉक्सीला फक्त ‘कनेक्ट अमुक यजमान:४४३’ एवढंच सांगतो. त्यापुढे जातात ते कूटबद्ध बाइट. स्क्विडला ना पूर्ण पत्ता दिसतो, ना हेडर, ना मजकूर. न दिसणारी गोष्ट साठवणार कशी? आजची वेबवरची बहुतेक वाहतूक याच प्रकारची आहे, म्हणून १५ वर्षांपूर्वीच्या मार्गदर्शनातले हिटचे आकडे आज कोणालाच मिळत नाहीत.

यावर उपाय एसएसएल-बंप, म्हणजे प्रॉक्सीने कूटबद्ध वाहतूक मधेच उघडून पाहणं. त्यासाठी स्क्विड ओपनएसएसएलसह बांधलेला लागतो (डेबियनवर स्क्विड-ओपनएसएसएल हे वेगळं पॅकेज आहे), स्वतःचं सीए प्रमाणपत्र (इतर प्रमाणपत्रांवर सही करणारं) लागतं, आणि ते प्रत्येक यंत्रावर विश्वासू म्हणून बसवावं लागतं. प्रमाणपत्र पिन केलेली (एक ठरावीक प्रमाणपत्रच मानणारी) ॲप्स बंद पडतात, बँका आणि आरोग्यसेवेच्या साइट स्प्लाइस करून न उघडता सोडाव्या लागतात, आणि वापरणाऱ्यांना कल्पना देणं भाग असतं. सर्वसाधारण ब्राउझिंगसाठी हा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तशा पानांतला बराचसा भाग मुळातच साठवण्याजोगा नसतो, आणि जो असतो तो ब्राउझर स्वतःच ठेवतो. अनेक यंत्रं एकच मोठी फाइल पुन्हा पुन्हा उतरवत असतील, तरच तो विचार करावा. पॅकेजचे आरसे (मिरर, म्हणजे पॅकेजच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) साध्या एचटीटीपीवर उपलब्ध असतील तर बंपची गरजच पडत नाही.

टनेल बाजूला काढून उरलेल्या साध्या एचटीटीपी ओळींवरच आता लक्ष ठेवायचं, आणि चाचणी ब्राउझरने करायची नाही. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं की ब्राउझर ‘कॅशे-कंट्रोल: नो-कॅशे’ पाठवतो, डेव्हलपर टूल्समध्ये कॅशे बंदची खूण असेल तर प्रत्येक विनंतीला पाठवतो. स्क्विड ते मानतो आणि लॉगमध्ये टीसीपी_क्लायंट_रिफ्रेश_मिस लिहितो. चाचणी कर्लने (टर्मिनलमधून पत्ता मागवणाऱ्या आज्ञेने) करा: छोट्या एक्स पर्यायाने प्रॉक्सीचा पत्ता द्या, मोठ्या डी पर्यायाने हेडर पडद्यावर घ्या, बॉडी /डेव्ह/नलमध्ये टाका. मोठा आय पर्याय वापरू नका. इथे बरेच जण फसतात. त्याने हेड विनंती जाते, तिच्या उत्तराला बॉडीच नसते, मग साठवायला काही उरत नाही आणि दहा वेळा चालवलं तरी मिसच दिसतो.

साइटच्या लोगोसारखी एखादी छोटी स्थिर फाइल घ्या आणि कर्ल सलग दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी एक्स-कॅशे या हेडरमध्ये हिट आणि एज (प्रतीचं वय) हेडरमध्ये काही सेकंद दिसले तर यंत्रणा शाबूत आहे. एक्स-कॅशेत मिस, पण एक्स-कॅशे-लुकअपमध्ये हिट, असं दिसलं तर वस्तू सापडली पण वापरली गेली नाही, म्हणजे चौथं दुखणं. दोन्हीकडे मिस असेल तर दुसरं किंवा तिसरं. नव्या आवृत्त्यांत या दोन हेडरांच्या जागी कॅशे-स्टेटस हा एकच हेडर येतो. त्यात ‘हिट’ दिसतं, किंवा ‘एफडब्ल्यूडी’ या शब्दानंतर विनंती मूळ सर्व्हरकडे पाठवण्याचं कारण दिसतं.

दुसरं की तिसरं हे स्टोअर लॉग सांगतो. तो मुळात बंद असतो. कॅशे_स्टोअर_लॉग या सूचनेला फाइलचा मार्ग दिला की सुरू होतो. स्वॅपआउट म्हणजे वस्तू डिस्कवर लिहिली. ‘रिलीज -१’ आणि त्यापुढे आठ एफ म्हणजे वस्तूला डिस्कवर जागा मिळालीच नाही. त्याच ओळीत पुढे स्थिती, मग डेट, लास्ट-मॉडिफाइड आणि एक्स्पायर्स हे तीन रकाने येतात. तिथे -१ असेल तर तो हेडर उत्तरात नव्हताच. केवळ या तीन आकड्यांवरून अर्धी प्रकरणं सुटतात. मात्र कॅशे_डिर नसेल तर मेमरीतून गळणारी प्रत्येक वस्तू अशीच रिलीज दिसते, हे ध्यानात ठेवा.

याहून थेट उत्तर कॅशे मॅनेजरकडे आहे आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही. प्रॉक्सीच्याच पत्त्यावर /स्क्विड-इंटर्नल-एमजीआर/ नंतर स्टोअर_चेक_कॅशेबल_स्टॅट्स हे पान मागवा. साठवायच्या निर्णयांची मोजदाद कारणांनुसार मिळते: नो.नॉट_एंट्री_कॅशेबल, नो.टू_बिग, नो.प्रायव्हेट_की, नो.राँग_कंटेंट_लेंग्थ वगैरे, आणि खाली यस.डिफॉल्ट. कुठला आकडा फुगला आहे ते बघायचं. टू_बिग फुगला असेल तर मर्यादेची चूक. नॉट_एंट्री_कॅशेबल असेल तर हेडर किंवा तुमचाच एखादा नियम. यस.डिफॉल्ट भरपूर आणि तरी डिस्क रिकामी, तर डिस्कच्या बाजूला चला.

डिस्कच्या बाजूने सुरू करू. हल्लीच्या आवृत्त्यांच्या मूळ कॉन्फिगमध्ये कॅशे_डिरची ओळ हॅश (#) चिन्हामागे निद्रिस्त, म्हणजे लागू न होणारी असते. फोल्डरं तयार असणं आणि आत्ताच्या फाइलमध्ये ती ओळ जागी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकेज अद्ययावत करताना नवी कॉन्फिग फाइल आली असेल तर ओळ गेलेली असू शकते. अशा वेळी स्क्विड फक्त मेमरीत साठवतो: कॅशे_मेम २५६ एमबी, आणि मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ_इन_मेमरी ५१२ केबी. ५१२ केबीच्या वरची फाइल मग कुठेच राहत नाही. छोट्या चित्रांना टीसीपी_मेम_हिट येतो आणि मोठ्या फाइलला कधीच नाही, ही त्याची खूण.

ओळ असेल तर तिचं एकक तपासा. तो आकडा एमबीत असतो. ‘१००’ लिहून १०० जीबी दिल्याचं समाधान मानलं असेल तर प्रत्यक्षात १०० एमबीच दिले आहेत. कॅशे_स्वॅप_लो ९० टक्के आणि कॅशे_स्वॅप_हाय ९५ टक्के असल्यामुळे फोल्डर त्या सुमारास येऊन घुटमळत राहतं. १०० जीबीसाठी साधारण १००००० लिहायचं. पण त्याआधी रॅम बघा: ६४-बिट यंत्रावर डिस्क कॅशेच्या प्रत्येक जीबीमागे अनुक्रमणिकेला अंदाजे १४ एमबी मेमरी लागते. १०० जीबीला १.४ जीबी, आणि कॅशे_मेम त्याव्यतिरिक्त. शिवाय पूर्ण विभाजन कधी देऊ नका, ८० टक्क्यांवर थांबा. डीएफ -आय चालवून आयनोडही (फाइल सिस्टिममधल्या फाइलींच्या नोंदी) पाहा. लाखो छोट्या फाइली झाल्या की जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात.

मर्यादांमध्ये एक क्रमाचा सापळा आहे. मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ मुळात ४ एमबी असतं. ते ५१२ एमबी केलं, तरी मोठ्या फाइली साठत नाहीत, असं का होतं? ही ओळ कॅशे_डिरच्या खाली लिहिलेली असते म्हणून. कॅशे_डिर वाचताना स्क्विड त्या क्षणी जी मर्यादा ठाऊक असेल ती त्या फोल्डराला लावतो. ओळ वर न्या, स्क्विड -के पार्सने तपासा, सेवा पूर्ण थांबवून सुरू करा.

परवानग्या नेहमीच्याच. फोल्डर कॅशे_इफेक्टिव्ह_यूजरच्या मालकीचं हवं: डेबियन-उबुंटूवर तो ‘प्रॉक्सी’, रेड हॅटच्या घराण्यात ‘स्क्विड’. कॅशे वेगळ्या डिस्कवर हलवलं असेल तर एसई-लिनक्सचं (लिनक्सच्या जादा सुरक्षा-नियंत्रणाचं) लेबलही हलवावं लागतं. सीमॅनेज एफकॉन्टेक्स्टने स्क्विड_कॅशे_टी लावून रिस्टोरकॉन चालवा. उबुंटूवर ॲपआर्मरच्या (तसंच दुसरं सुरक्षा-नियंत्रण) प्रोफाइलमध्ये नवा मार्ग घाला. एलएस -एलमध्ये सगळं गोमटं दिसतं आणि तरी लिहिता येत नाही, तेव्हा दोष बहुधा याच दोघांत असतो. कॅशे.लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ शोधा. स्क्विड -झेड चालवण्याआधी सेवा बंद करायची.

वर्कर्स (स्क्विडच्या समांतर चालणाऱ्या प्रक्रिया) एकापेक्षा जास्त ठेवले असतील तर आणखी एक भानगड. यूएफएस आणि एयूएफएस या प्रकारांना अनेक वर्करांनी एकच फोल्डर वाटून घेणं जमत नाही. प्रत्येकाला वेगळं फोल्डर दिलं तर एकाने साठवलेलं दुसऱ्याला दिसत नाही, आणि तीच फाइल कधी हिट, कधी मिस अशी लहरी वागते. वर्कर हवेच असतील तर रॉक प्रकार घ्या. लहान कार्यालयाला एक वर्कर आणि एयूएफएस पुरतं.

आता दुसरं दुखणं, म्हणजे नियम. इथे कारणं खूप आहेत; नेहमी भेटणारी सांगतो. उत्तरात ‘नो-स्टोअर’ किंवा ‘प्रायव्हेट’ असेल तर सामायिक कॅशे ते ठेवत नाही. ‘नो-कॅशे’चं नाव फसवं आहे: साठवायला मुभा असते, पण दर वेळी मूळ सर्व्हरला विचारूनच द्यायचं. विनंतीत ऑथरायझेशन हेडर असेल तर उत्तरावर पब्लिक, एस-मॅक्सएज किंवा मस्ट-रीव्हॅलिडेट यांपैकी काहीतरी असावं लागतं. विनंतीतल्या कोणत्या हेडरनुसार उत्तर बदलतं ते व्हेरी हेडर सांगतो; ‘व्हेरी: *’ आलं की संपलं. ‘व्हेरी: यूजर-एजंट’ असेल तर साठवलं जातं, पण ब्राउझरच्या प्रत्येक आवृत्तीची प्रत वेगळी, म्हणून हिट जवळपास शून्य. पोस्ट विनंत्यांची उत्तरं स्क्विड साठवत नाही. हे नियम २०२२च्या आरएफसी ९१११मध्ये एकत्र आहेत. त्याआधीचा दस्तऐवज २०१४चा आरएफसी ७२३४.

यांखेरीज हेडरच नसण्याची गोष्ट. एक्स्पायर्स नाही, मॅक्स-एज नाही आणि लास्ट-मॉडिफाइडही नाही, तर ताजेपणाचा अंदाज बांधायला काही आधारच नसतो. मिनिमम_एक्स्पायरी_टाइम ही सूचना मुळात ६० सेकंदांची आहे: जी वस्तू तेवढ्या वेळात शिळी होणार आणि जिची नंतर पडताळणीही करता येणार नाही, ती साठवण्याचे कष्ट स्क्विड घेत नाही. पानं स्वतःच्या सर्व्हरवरून येत असतील तर दुरुस्ती प्रॉक्सीत करू नका, सर्व्हरवर मॅक्स-एज लावा.

बाहेरच्या साइटसाठी इग्नोअर-प्रायव्हेट, इग्नोअर-नो-स्टोअर असे पर्याय मिळतात आणि इंटरनेटवरच्या तयार कॉन्फिगमध्ये ते सरसकट ठोकलेले असतात. एका माणसाचं लॉगिन केलेलं पान दुसऱ्याला दाखवायची ही हमखास वाट आहे. ठरावीक यजमान आणि ठरावीक प्रत्यय यांच्यापलीकडे ते वापरू नका. त्याच जुन्या कॉन्फिगमधली आणखी एक उरलीसुरली ओळ शोधा: ‘क्वेरी’ नावाची एसीएल (विनंत्या निवडणारा नियम), जी सीजीआय-बिन किंवा प्रश्नचिन्ह असलेले सगळे पत्ते पकडते, आणि खाली ‘कॅशे डिनाय क्वेरी’. आज स्टाइलशीट आणि स्क्रिप्टच्या पत्त्यांनाही प्रश्नचिन्हानंतर आवृत्ती जोडलेली असते, त्यामुळे ही एक ओळ मोठा हिस्सा बाद करते. ती काढा. तिची जागा मूळ रिफ्रेश_पॅटर्नमधल्या ‘० ०% ०’ या ओळीने कधीच घेतली आहे: स्पष्ट मुदत असलेलं साठतं, नसलेलं नाही.

मोठ्या डाउनलोडचं प्रकरण वेगळं आहे. अपडेट करणारे प्रोग्रॅम फाइल तुकड्यातुकड्याने मागतात, रेंज हेडर लावून. सर्व्हर २०६ देतो, आणि अर्धवट उत्तरं स्क्विड साठवत नाही. रेंज_ऑफसेट_लिमिट मुळात ० आहे, म्हणजे मागितला तेवढाच तुकडा आणायचा. ठरावीक यजमानांच्या एसीएलसाठी ते २०० एमबी केलं, की तुकडा मागितला तरी स्क्विड फाइल सुरुवातीपासून आणून ठेवतो. सोबत मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ तेवढंच वाढवायला हवं.

आणि क्विक_अबॉर्ट. ग्राहकाने मधेच जोडणी तोडली तर १६ केबीपेक्षा कमी उरलं असेल किंवा ९५ टक्क्यांहून अधिक आलं असेल तरच स्क्विड उतरवणं पूर्ण करतो. नाहीतर आणलेलं फेकून देतो. क्विक_अबॉर्ट_मिन -१ केलं की ग्राहक गेला तरी फाइल पूर्ण होते. रेंज_ऑफसेट_लिमिट आणि क्विक_अबॉर्ट_मिन हे दोन्ही पर्याय सगळ्या साइटना उघडे ठेवले तर मात्र उलटं होतं: कुणी व्हिडिओ दहा सेकंद पाहून बंद केला, तरी अख्खी फाइल मागे उतरत राहते आणि लाइन तुंबते. रेंज_ऑफसेट_लिमिटला एसीएल लावता येते, ती लावा. क्विक_अबॉर्ट_मिन सगळ्यांना लागू होतं, म्हणून ते बदलल्यावर लाइनवर काही दिवस नजर ठेवा.

प्रॉक्सी पारदर्शक पद्धतीने, इंटरसेप्ट करून (ब्राउझरला न सांगता वाहतूक मधेच पकडून) बसवला असेल तर कॅशे.लॉगमध्ये ‘होस्ट हेडर फोर्जरी डिटेक्टेड’ शोधा. ग्राहकाने ज्या आयपीवर जोडणी केली तो स्क्विडला त्या नावासाठी डीएनएसमध्ये मिळाला नाही, तर स्क्विड विनंती मूळ आयपीकडे जाऊ देतो, पण उत्तर साठवत नाही. मोठ्या सीडीएनवर (एकच मजकूर अनेक सर्व्हरांवरून वाटणाऱ्या जाळ्यांवर) नावामागचे आयपी सतत बदलतात, त्यामुळे ही सूचना ढिगाने येते. ग्राहक आणि स्क्विड दोघांनी एकच डीएनएस सर्व्हर वापरला की बहुतेक प्रश्न मिटतो.

राहिलं चौथं. रिफ्रेश_पॅटर्नमधली किमान आणि कमाल वेळ मिनिटांत असते, सेकंदांत नव्हे, आणि वरून पहिली जुळणारी ओळ लागू होते. मूळची शेवटची ओळ ‘. ० २०% ४३२०’ अशी आहे. फाइल आणली तेव्हा तिचा शेवटचा बदल १० दिवसांपूर्वीचा असेल तर २० टक्के म्हणजे २ दिवस ती ताजी. २० दिवसांपूर्वीचा असेल तर ४ दिवस निघतात, पण ४३२० मिनिटांची कमाल आडवी येते आणि ३ दिवसांवर थांबतं. सर्व्हरने स्वतः मुदत दिली असेल तर हा हिशोब लागतच नाही. तुमची नवी ओळ या टिंबाच्या ओळीखाली असेल तर तिच्यापर्यंत कुणी पोचत नाही. नुसत्या ओळी टाकून फरक न पडण्याचं हेही कारण असू शकतं. लॉगमध्ये टीसीपी_रिफ्रेश_अनमॉडिफाइड दिसला तर घाबरू नका, बॉडी कॅशेतूनच गेली, फक्त विचारून. आणि घड्याळ बघा: प्रॉक्सीचं घड्याळ तासभर पुढे असेल तर तासाभराच्या मुदतीची प्रत्येक वस्तू येतानाच शिळी असते. क्रॉनी (घड्याळ जुळवत ठेवणारी सेवा) लावून टाका.

इतकं करूनही एखादा पत्ता सुटत नसेल तर डीबग_ऑप्शन्समध्ये ‘ऑल,१ ११,३ २०,३ २२,३’ लिहून रीकॉन्फिगर करा आणि तो एकच पत्ता कर्लने मागवा. विभाग ११ एचटीटीपीचा, २० साठवणीचा, २२ ताजेपणाच्या हिशोबाचा. चालू वाहतुकीत हे करू नका, लॉग मिनिटागणिक फुगतो. रात्री किंवा वेगळ्या यंत्रावर करा. उत्तर सापडलं की डीबग_ऑप्शन्स ‘ऑल,१’ वर आणा, कॅशे_स्टोअर_लॉग ‘नन’ करा आणि स्क्विड -के रीकॉन्फिगर चालवा, नाहीतर कॅशेसाठी राखलेली डिस्क लॉगच भरून टाकतील.